वारस नामंजूर

आमच्या मंडळीत तरुण संघाचा अध्यक्ष व्हायला वयाची अट नाही. केस काळे लागतात. ते कशाने काळे झाले याची चौकशी होत नाही. मी त्या पदावर होतो तेव्हा माझा मुलगा त्याच संघाचा सभासद होता आणि वर्गणी थकवल्याबद्दल मी त्याला भरसभेत समज दिली होती. पुढे गुडघ्यांनी असहकार पुकारला, तेव्हा मी तरुणांसाठी जागा मोकळी केली आणि मंडळीचा सचिव झालो. लोकाग्रहास्तव. लोक म्हणजे खजिनदार आणि मी.

सचिवपदाबरोबर एक लोखंडी कपाट आलं. त्यात सभांची इतिवृत्तं, बाप्तिस्म्याचं रजिस्टर, प्रभुभोजनाचे प्याले, अ‍ॅम्प्लिफायर आणि नाताळच्या नाटकातल्या मागी लोकांच्या दाढ्या एवढा ऐवज असतो. किल्ली माझ्या बंडीच्या आतल्या खिशात. दुसरी किल्ली करून घ्यावी, अशी सूचना माझा पुतण्या दर वार्षिक सभेत मांडतो. इतिवृत्त मीच लिहितो, त्यामुळे ही सूचना अद्याप कुठे नोंदली गेलेली नाही.

अशा माणसाला ‘नवे नेतृत्व कसे घडवावे’ या विषयावर बोलायला बोलावतात, यात निदान मला तरी काही वावगं दिसलं नाही. ख्रिस्ती वर्तुळात हा विषय सध्या जोरात आहे. पूर्वी शिबिरं प्रार्थनेवर असत, पापावर असत, हौशी मंडळी प्रकटीकरणाच्या पुस्तकावरही घेत. आता शिबिर म्हटलं की नेतृत्व. सगळेच नेते झाले तर मागून चालायचं कोणी, हे तिथे विचारायचं नसतं. मी एका सेमिनारला जाऊन आलो, प्रमाणपत्र मिळालं, त्याला चौकट केली आणि प्रशिक्षक झालो. नव्या पिढीला पुढे आणा, हे सांगायला वक्ता मात्र जुन्या पिढीतलाच लागतो. तेवढी एक जागा आमच्यासाठी राखीव आहे.

तर झाशीचं बोलावणं आलं. तिथल्या एका लहानशा मंडळीच्या पाळकबाई मूळच्या नगरच्या आणि माझ्या शाळेतल्या. “गुरुजी, मेच्या सुट्टीत येता का? पोरं हुशार आहेत, पण पुढे येत नाहीत,” त्या फोनवर म्हणाल्या. पुढे न येणाऱ्यांना पुढे आणण्याचा मला दांडगा अनुभव. मुख्याध्यापक असताना मी कान धरून आणत असे.

मराठी माणसाला झाशी परकी वाटत नाही. पेशव्यांचे सुभेदार नारोशंकर तिथे होते, मग नेवाळकर आले, १८४२ साली गंगाधररावांचं मनकर्णिकेशी लग्न लागलं ते गणेश मंदिर अजून उभं आहे. झाशीला मराठी माणूस परका वाटतो की नाही, हे मी जाण्यापूर्वी तपासलं नव्हतं.

व्याख्यानाची तयारी मात्र कडक केली. मला एक साल सापडलं होतं, १८५४. त्या एका सालात माझा अख्खा विषय मावत होता. गंगाधरराव १८५३च्या नोव्हेंबरात वारले. वारण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मुलगा दत्तक घेतला, इंग्रज अधिकाऱ्यांना साक्षीला बसवलं, कागद केले. १८५४ साली डलहौसीने फर्मावलं : वारस नामंजूर. संस्थान खालसा. त्याच १८५४च्या अखेरीस आमच्या नगरात रुफस अँडरसन हा बोस्टनचा पाहुणा उतरला. तो अमेरिकन मिशनचा वरिष्ठ चिटणीस. त्याचं म्हणणं असं की, मिशनऱ्याने कायम ठाण मांडू नये. इथली मंडळी स्वतःचा कारभार स्वतः पाहील, खर्च स्वतः चालवील, प्रसारही स्वतः करील, असं काम उभं करावं आणि पुढच्या गावाला चालू लागावं. त्याच्या मुक्कामात हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. म्हणजे एकाच वर्षी झाशीत वारस नाकारला गेला आणि नगरात वारस नेमले गेले!

तिसरी गोष्ट तर खास झाशीची. पंडित नीलकंठशास्त्री गोरे हे चित्पावन घराण्यातले, जन्म १८२५, झाशीजवळच्या काशीपुऱ्यातला. वाढले काशीत. मिशनऱ्यांशी वाद घालायला म्हणून गेले आणि १८४८ साली जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. तेही १८५४ सालीच विलायतेला गेले, तेही राज्य गमावलेल्या महाराजा दुलीपसिंगाबरोबर. मी व्याख्यानाला नाव दिलं : ‘आपण डलहौसी की अँडरसन?’ प्रश्न अर्थातच श्रोत्यांसाठी होता. स्वतःचं उत्तर मी गृहीत धरलं होतं.

निघताना सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, कपाटाची किल्ली ठेवून जा.” मी म्हटलं, “कपाट कुठे पळून जातंय?” झेलम एक्स्प्रेस नगरहून थेट झाशीला जाते. वरच्या बर्थवर पडून मी ‘अधिकार सोपवण्याच्या पायऱ्या’ पाठ करत गेलो आणि कूस बदलली की किल्ली बरगडीला टोचत गेली.

झाशीत मे महिना म्हणजे काय, ते सांगून कळत नाही. स्टेशनला आता ‘वीरांगना लक्ष्मीबाई’ असं नाव आहे. दुपारी त्या फलाटावर उतरणाऱ्या प्रत्येकाला ते लावायला हरकत नाही. चर्च जुनं, दगडी, रेल्वेच्या भरभराटीच्या काळातलं. दारावर मी आगाऊ कळवून करवून घेतलेला फ्लेक्स. डाव्या कोपऱ्यात उत्तम मेंढपाळाचं चित्र, उजव्या कोपऱ्यात झाशीचा किल्ला, मधे मी. मेंढपाळापेक्षा माझा चेहरा थोडा मोठा आला होता. छपाईवाल्याने जागेचा नीट उपयोग केला, असं मी मनाशी म्हटलं.

पहिलं सत्र मोशे आणि इथ्रो. निर्गमच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे तंटे सोडवत बसतो. सासरा इथ्रो येऊन सांगतो की, अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेम. सासऱ्याने दिलेला आणि जावयाने ऐकलेला हा बायबलमधला दुर्मीळ सल्ला. मी नगरहून बिल्ले नेले होते : हजारांचा नायक, शंभरांचा नायक, पन्नासांचा, दहांचा. शिबिरार्थी निघाले अकरा. हजाराच्या बिल्ल्यासाठी तिघांत झटापट झाली. बी.एड. करणारी एक चष्मेवाली मुलगी होती. ती दहाचा बिल्ला हातात फिरवत म्हणाली, “अंकल जी, ग्यारह में से एक दस का नायक बन गया, तो हिसाब पूरा हो गया. बाकी बिल्ले किसके लिए हैं?”

मी म्हटलं, बाकीचे प्रतीकात्मक आहेत. आणि मला ‘सर’ म्हणायचं.

दुपारचं सत्र ‘समान संधी’. ते सुरू झालं तेव्हा हॉलमध्ये फक्त मुलगे होते. मुली कुठे, म्हणून चौकशी केली. त्या महिला मंडळाबरोबर पुऱ्या लाटत होत्या. कार्यक्रमपत्रिकेत तसं मीच छापलं होतं : ‘दुपारी २, समान संधी. (भगिनी : स्वयंपाक.)’ नगरला या कंसाकडे कोणाचं लक्ष जात नाही. झाशीत गेलं. चष्मेवाली पिठाच्या हातांनी हॉलमध्ये आली, मागे बाकीच्या. तक्रार ऐकून घेणं हा नेत्याचा गुण. मी ती पूर्ण ऐकली आणि जाहीर केलं की, भोजनव्यवस्थेसाठी एक समिती नेमण्यात येत आहे. अध्यक्ष मी.

“प्रेरितों के काम, छठा अध्याय,” ती म्हणाली.

तो मीच सकाळी वाचायला दिला होता. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत पहिलं भांडण झालं ते जेवणाच्या वाटपावरून. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातं, अशी ओरड झाली. प्रेषितांनी सात जण निवडायला सांगून वाटप त्यांच्या हाती दिलं. गंमत अशी की, त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्या बाजूने तक्रार आली, त्यांच्याच माणसांकडे थैली गेली. “और प्रेरित लोग उस कमिटी के अध्यक्ष नहीं बने थे, अंकल जी.” ही सात नावांची गोष्ट मी गेली कित्येक वर्षं भाषणात सांगत आलो आहे. कोणी तिचा उपयोग करील, असं कधी मनातही आलं नव्हतं.

पाळकबाई गालातल्या गालात हसत होत्या. नाइलाजाने मी शिबिरखर्चाचं पाकीट तिच्या हातात दिलं आणि प्रत्येक खर्चाला माझी सही लागेल, एवढी बारीक अट घातली. मला हे फार उदार वाटलं. अँडरसन नगरहून गेला त्यानंतरही पाकीट बरीच वर्षं मिशनच्याच हाती होतं. पाळक इकडचे, पगार तिकडचा. म्हणून तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी आणि पगार दोन्ही सोडले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सगळ्या ख्रिस्तभक्तांचा, आपल्या मातीतला, परक्याच्या पैशावर न चालणारा. हे मी मुलांना रंगवून सांगितलं. सांगत असतानाच एक मुलगा सहीसाठी बर्फाची पावती घेऊन आला, तिच्यावरची रक्कम मी दोनदा तपासली.

दुसऱ्या दिवशी पाकिटातल्या पैशांतून एक मोठा कूलर भाड्याने आला. पावतीवर मी सही केली, कारण कूलर माझ्या खुर्चीमागे ठेवला होता. त्या कूलरपुढे, हॉलमधल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसून मी सतरंजीवरच्या मुलांना बिशप अझरायांबद्दल सांगितलं. तेलुगू मुलखातल्या दोर्नाकलचे हे अझराया १९१२ साली अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले. त्याच्या दोन वर्षं आधी एडिंबऱ्याच्या जागतिक परिषदेत त्यांनी मिशनऱ्यांना तोंडावर सांगितलं होतं की, तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ दिलंत, आता आमच्याशी मैत्री करा, बरोबरीने बसा. मुलं भारावली. मीही. कूलरचं पाणी संपलं तेव्हा एका सतरंजीवरच्या मुलालाच मी ते भरायला पाठवलं.

फ्लेक्सचं काय झालं, ते दुपारी कळलं. पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन थेट वेदीवर येत होतं. कार्यकारिणीने (माझ्या नकळत तिथे एक कार्यकारिणी झाली होती) ठराव करून फ्लेक्स दारावरून काढला आणि खिडकीला आडवा बांधला. दोरीची सोय म्हणून उलटा. उरलेलं शिबिर मी बाहेरच्या उन्हाकडे तोंड करून खाली डोकं वर पाय असा लटकत होतो आणि माझ्यामागे गारवा होता. “सर, आपका फोटो बहुत काम आया,” रेल्वे वर्कशॉपमध्ये अ‍ॅप्रेंटिस असलेला मुलगा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता, त्यामुळे मला रागावता येईना.

नेतृत्वाचा कस मैदानात लागतो. गोरेशास्त्रींचं काशीपुरा पाहायला मी मुलांना घेऊन निघालो. मुलांनी फोनवर शोधायला सुरुवात केली होती. मी फोन खिशात ठेवायला लावले. नेता दिशा दाखवतो, नकाशा पाहत नाही. इलाइट चौकात उभ्या असलेल्या आपे टॅक्सीवाल्याला मी करड्या आवाजात “काशीपुरा” म्हटलं. त्याने मान हलवली. ती होकारार्थी होती की डोळ्यांवरची माशी उडवण्यासाठी, याबद्दल पुढे मतभेद झाले. तासाभराने आम्ही ओरछ्यात उतरलो. झाशी उत्तर प्रदेशात आणि ओरछा मध्य प्रदेशात, म्हणजे माझ्या नेतृत्वाखाली मंडळी राज्याबाहेर गेली. मोशेलाही रस्ता सापडायला चाळीस वर्षं लागली होती, असं मी म्हटल्यावर अ‍ॅप्रेंटिसने विचारलं, “सर, वापसी का किराया चालीस साल का है क्या?”

पोरं बेतवेच्या पाण्यात उतरली. मी काठावरच्या दगडावर बसून गोरेशास्त्री सांगू लागलो. १८४८चा बाप्तिस्मा. संस्कृतचा एवढा गाढा पंडित की, १८६० साली ‘षड्दर्शन दर्पण’ लिहिलं आणि लगेच त्याचा इंग्रजी अनुवाद झाला. त्यांच्या लेखनाने पंडिता रमाबाईंचा विचार पालटला आणि १८८३ साली रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण हे स्वतः डीकन झाले १८६८ साली आणि पाळकपदाची पूर्ण दीक्षा मिळाली १८७० साली.

“बाईस साल!” चष्मेवाली म्हणाली. “किसने रोका था?”

हा माझा हातखंडा मुद्दा. मी डलहौसीला बाहेर काढणार, एवढ्यात तिने दुसरा प्रश्न टाकला, “किसी ने रोका था, या वे खुद रुके थे?” आणि मला थांबावं लागलं, कारण चरित्र मी वाचलेलं होतं. शास्त्रीबुवा स्वतःच कच खात. आपण या कामाला लायक आहोत का, आपली श्रद्धा पुरी आहे का, ही शंका त्यांना उभा जन्म चिकटून होती. पुण्याच्या काउली फादर्सच्या संघात ते उमेदवार म्हणून राहिले, पण अखेरच्या प्रतिज्ञा काही घेतल्या नाहीत. १८९५ साली मुंबईत वारले ते त्या न घेताच. वारस नाकारणारे डलहौसी सगळीकडे असतात; पण वारसानेच ‘अजून नको’ म्हणावं आणि तरी त्याच्या मागून माणसं चालत यावीत, ही जात वेगळी. गोरेशास्त्रींना स्वतःविषयी आयुष्यभर शंका होती. मला ती आजवर एकदाही आली नव्हती. बेतवेच्या काठी, टॅक्सीभाड्याचा हिशेब करताना, तिचा पहिला झटका आला. पण तो उन्हाचा असावा, असं मी ठरवलं.

परतताना तिने आणखी एक विचारलं. अँडरसन बोस्टनहून आला, नगर-मुंबईला फिरला आणि मिशनच्या इंग्रजी शाळांना कात्री लावायचा आग्रह धरून गेला. मराठीतून शिका म्हणाला. “जिनको इंग्लिश पढ़नी थी, उनसे पूछा था?” मी म्हटलं, तसं काही नोंदलेलं आढळत नाही. “तो वे भी थोड़े-से डलहौसी निकले,” ती म्हणाली आणि भेळेचा कागद चुरगळून पिशवीत टाकला. माझ्या व्याख्यानाचं शीर्षक तिथेच निकालात निघालं.

रविवारी समारोप. उपासनेला सगळी मंडळी, वर रेल्वेतून निवृत्त झालेली जुनी मंडळी, आणि गर्दी बाहेर गेली म्हणून अंगणात भोंगा. ऐन वेळी माझ्या खिशातला फोन थरथरू लागला. नगरहून पुतण्या. “काका, आज प्रभुभोजन आहे. प्याले कपाटात आहेत.”

“मी येईपर्यंत थांबा.”

“प्रभुभोजन थांबवू?”

“मी भाषणाला उभा राहतोय. विषय महत्त्वाचा आहे, अधिकार सोपवणं,” असं म्हणून मी फोन बंद केला.

भाषणासाठी मी हुकमी उदाहरण राखून ठेवलं होतं. आमच्या घरात, आमच्या गल्लीत, आमच्या अख्ख्या नगरी ख्रिस्ती गोतावळ्यात लक्ष्मीबाई म्हटलं की टिळकांच्या लक्ष्मीबाई. आडनाव लावायची गरजच पडत नाही. मी भोंग्यावरून, माझ्या हिंदीत, सुरुवात केली, “नये नेतृत्व का सबसे महान उदाहरण, हमारी लक्ष्मीबाई!”

टाळ्यांचा कडकडाट. झाशीत या नावाला टाळ्या पडायच्या नाहीत तर कुठे? मला वाटलं, टिळकांची कीर्ती इथवर पोचली आहे. मी रंगात आलो. लक्ष्मीबाई लिहायला-वाचायला लग्नानंतर शिकल्या, म्हणून सांगितलं. काही भुवया वर गेल्या. लक्ष्मीबाईंचं आणि यजमानांचं भांडण कसं होई, ते साभिनय करून दाखवलं. पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्यांची चुळबुळ सुरू झाली. यजमान न सांगता घरातून निघून जात, यावर कोणी तरी “अच्छा?” म्हणालं. पतिनिधनानंतर लक्ष्मीबाईंनी त्यांचं अपुरं काम तडीस नेलं, इथे पुन्हा टाळ्या आल्या आणि मी निर्धास्त झालो. मग आवाज चढवून म्हटलं, “और सन १९०० में लक्ष्मीबाई ने बपतिस्मा लिया!”

हॉल गप्प. अंगण गप्प. रस्त्यावरून जाणारी एक सायकल थांबल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. पहिल्या बाकावरचे निवृत्त गार्डसाहेब उठून उभे राहिले. “साहब,” ते थरथरत्या आवाजात म्हणाले, “रानी साहिबा तो १८५८ में ही शहीद हो गई थीं!”

पाळकबाईंना इतक्या चपळाईने हलताना मी पाहिलं नव्हतं. त्यांनी आधी भोंग्याची वायर उपटली आणि मग प्रभूचं नाव घेतलं. माझ्या तोंडून चार भाषांतलं स्पष्टीकरण एकदम बाहेर पडू पाहत होतं. तोवर चष्मेवाली पुढे आली, माझ्या हातातून मेलेला माइक काढून बाजूला ठेवला आणि साध्या आवाजात सांगितलं की, या दुसऱ्या लक्ष्मीबाई. जन्म १८६८, नाशिककडच्या. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा रडल्या, भांडल्या, वेगळ्या राहिल्या, मग स्वतःच्या पायांनी चालत आल्या. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं होतं, ते त्यांनी पुरं केलं आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहून त्या नवऱ्याच्या पुढे निघून गेल्या. “अंकल जी का मतलब यह था कि अधूरा काम जिसके हाथ में आए, वही आगे ले जाए.” बसली. माझ्या चाळीस मिनिटांच्या भाषणाचा असा अर्थ होता, हे मलाही तेव्हाच कळलं. गार्डसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. सायकल पुढे गेली.

उपासनेनंतर चहा-समोसे आणि कार्यकारिणीची पहिली अधिकृत सभा. मी निरीक्षक म्हणून बसलो होतो, खुर्ची आता चष्मेवालीकडे होती. ठराव मांडला गेला : यापुढे कोणत्याही वक्त्याला, तो कितीही लांबून आला तरी, सात मिनिटं. हात वर करून मतदान झालं. मी समोशाच्या ताटाकडे पाहत होतो आणि आणखी कोणाला हवेत असं विचारताहेत समजून मीही हात वर केला. ठराव एकमताने संमत. नोंद झाली, वाचून दाखवली गेली, सह्या झाल्या. इतिवृत्त दुसऱ्याने लिहिलं की त्यात काय काय येतं, ते मी प्रथमच पाहत होतो.

मी पाळकबाईंना बाजूला घेऊन म्हटलं, “निर्णय घ्या म्हणून मीच शिकवलं, कबूल. पण माझ्याविषयी घ्या असं कुठे म्हटलं होतं?”

“गुरुजी, मग दुसऱ्या कोणाविषयी घेणार? इथे सत्ता तेवढी तुमच्याचकडे होती,” त्या म्हणाल्या आणि माझ्या बशीत चटणी वाढली.

फोन उघडला तर पुतण्याचे संदेश रांगेने उभे. कपाटाचं कुलूप तोडल्याचा फोटो. प्याले धुतल्याचा फोटो. प्रभुभोजन वेळेवर झाल्याचा फोटो, त्यात सौभाग्यवती पहिल्या रांगेत, प्रसन्न. शेवटी तळच्या कप्प्यात सापडलेल्या एका जाड फायलीचा फोटो, तिच्यावर माझ्या वळणदार अक्षरात ‘तरुणांच्या सूचना : विचाराधीन’. तिच्यात कागदाची सर्वांत खालची घडी तरुण संघात असलेल्या माझ्या मुलाची. त्याचे केस आता मला काळे करून द्यावे लागतात.

नगरला पोचेपर्यंत कपाटाला नवं कुलूप लागलं होतं आणि त्याच्या तीन किल्ल्या झाल्या होत्या. एकही माझ्याकडे नाही. खास सभा भरून पुतण्या सचिव झाला, इतिवृत्तात तशी नोंद आहे आणि माझ्यासाठी ‘मार्गदर्शक’ हे पद निर्माण करण्यात आलं आहे. मार्गदर्शकाला पंख्याखालची जागा मिळते आणि विचारल्यावर बोलता येतं. अजून विचारलेलं नाही. जुनी किल्ली मी बंडीत ठेवतो, सवयीने. तिने आता काही उघडत नाही, फक्त टोचते.

झाशीच्या कार्यकारिणीचं पत्र मात्र आलं आहे. पुढच्या शिबिराला अवश्य यावं. वेळ सात मिनिटं. फ्लेक्स आपण पाठवू नये, जुना अजून खिडकीला चांगला आहे. उदाहरणात लक्ष्मीबाई आल्यास आडनाव अनिवार्य. टॅक्सी कार्यकारिणी ठरवील. खाली चष्मेवालीची सही, हुद्दा : दस का नायक.

मी जाणार आहे. फक्त सातची दहा मिनिटं व्हावीत, असा सविस्तर अर्ज धाडला आहे. दत्तक नामंजूर झाल्यावर राणीसाहेबांनी जॉन लँग नावाचा वकील केला होता. मी पाळकबाईंना केलं आहे. त्यांनी कळवलंय की, अर्ज मिळाला, सभेपुढे ठेवला आणि तूर्त तो ‘विचाराधीन’ आहे.